निळा धूर दिसला की लगेच टर्बो बदलू नका

रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी सकाळी चालू करावी आणि मागच्या भिंतीवर निळसर धूर चढताना दिसावा, की पोटात गोळा येतो. माझ्या गाडीचा धूर आधी आमच्या वॉचमनकाकांनी पाहिला. "ताई, गाडी धूर मारतेय हां," असं ते दोन दिवस सांगत होते आणि मी ऑफिसच्या घाईत निघून जात होते.

गाडी टर्बो पेट्रोल, पाच वर्षांची. ज्या गॅरेजमध्ये आधी नेली तिथे बॉनेट उघडून पाच मिनिटांत निदान झालं, "टर्बो गेला." टर्बोचा कोर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बदलला, मोठं बिल भरलं, आणि आठवड्याभरात ठाण्याच्या घोडबंदर रोडला आरशात पुन्हा तोच धूर. मग वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा पाइप काढून माझ्या हातात दिला. आतून ऑइलने ओला होता. "ताई, हवा फिल्टरकडून टर्बोकडे जाते. टर्बोनं ऑइल सोडलं तर ते हवेबरोबर पुढं जाईल. इथं मागं कसं येईल?" ऑइल येत होतं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ हवेच्या पाइपात सोडणाऱ्या नळीतून. ब्रीदरचा व्हॉल्व्ह निकामी झाला होता आणि त्याची किंमत टर्बोच्या बिलाच्या पासंगालाही पुरली नसती.

त्या पाइपमध्ये बोट घालून पाहायला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं आधी खर्च झाली असती तर किती पैसे आणि मनस्ताप वाचला असता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून ज्यांनी नुकतीच टर्बो गाडी घेतली आहे, नवी किंवा जुनी, त्यांच्यासाठी शोधाची ही रीत सविस्तर लिहिते आहे. फुकट तपासण्या आधी, स्वस्त त्यानंतर, इंजिन उघडायची गोष्ट सगळ्यात शेवटी.

आधी टर्बो समजून घ्या

टर्बोच्या एका टोकाला सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंनी फिरणारं चाक असतं आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबून इंजिनात ढकलणारं चाक. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत तो बॉल बेअरिंगवर नाही, तर इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल पंपाच्या दाबाने बारीक नळीतून वर येतं, बेअरिंगमधून जातं आणि खालच्या जाड नळीतून केवळ आपल्या वजनाने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, परत पडतं.

दांड्याच्या दोन्ही टोकांना जी सील असतात ती रबराची नसतात. पिस्टन रिंगसारख्या धातूच्या बारीक कड्या असतात आणि बाहेरच्या बाजूचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो म्हणून त्या ऑइल अडवून धरतात. खालची नळी तुंबली किंवा चेंबरमध्येच दाब साठला, तर चांगला, अगदी नवाकोरा टर्बोसुद्धा ऑइल ओकतो. मोरीची जाळी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून घरात येतं, तेव्हा नळ बदलून काही होत नाही; तसंच हे.

टर्बो गाडीत ऑइल जळायच्या वाटा चार: टर्बो, ब्रीदर, व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारी) आणि पिस्टनच्या रिंगा (पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट बंद करणाऱ्या कड्या). चारही वाटांचा धूर निघतो एकाच सायलेन्सरमधून, म्हणून नुसता धूर बघून कुणी निदान सांगत असेल तर त्याला थांबवून पुढच्या गोष्टी विचारा.

पायरी १: ऑइल खरंच कमी होतंय का?

गाडी सपाट जागी उभी करा. ठाण्यातल्या टॉवरच्या पार्किंगमध्ये रॅम्पवर किंवा उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, खोटं बोलते. इंजिन गरम झाल्यावर बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि मग वाचा.

पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा, किलोमीटरचा आकडा वहीत किंवा फोनमध्ये लिहा. त्यानंतर दर ३००-४०० किमीला तपासा आणि १००० किमी झाले की परत वरच्या खुणेपर्यंत भरताना किती ऑइल लागलं ते मोजा. ज्या डब्याला बाजूने मिलिलिटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी असते तो घ्या, अंदाजपंचे काम नको. बऱ्याच गाड्यांमध्ये डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, म्हणजे पट्टी अर्ध्यावर आली तर अर्धा लिटर गेलं असं धरायला हरकत नाही.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. काही कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये १००० किमीला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानलेला आहे. मला स्वतःला तो आकडा फार उदार वाटतो, पण वॉरंटीसाठी भांडायला जाल तेव्हा तोच तुमच्यासमोर ठेवला जाईल. म्हणून मोजलेला आकडा, तारीख आणि किलोमीटर हातात असू द्या. "खूप ऑइल पितेय" या वाक्याला सर्व्हिस सेंटरमध्ये काही वजन नसतं.

खुणेच्या वर ऑइल भरू नका. जास्त ऑइल क्रँकच्या फटक्यांनी फेसाळतं, ब्रीदरमधून हवेच्या पाइपात जातं आणि धूर येऊ लागतो. नुकतीच सर्व्हिसिंग झाली आणि लगेच धूर सुरू झाला, तर सगळ्यात आधी पट्टी पाहा.

पायरी २: गळती वेगळी काढा

रात्री इंजिनखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा पुठ्ठा पसरा. सकाळी काळा-तपकिरी चिकट डाग म्हणजे ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी म्हणजे कूलंट. स्वच्छ पाणी एसीचं, ते सोडून द्या. इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर डाग खाली येतच नाही, कव्हरमध्येच साठतो. तेव्हा एकदा गाडी लिफ्टवर घेऊन ते उतरवून बघा.

धूर बॉनेटच्या फटीतून येत असेल आणि सिग्नलला उभं राहिल्यावर जळका वास येत असेल, तर बहुतेक वेळा वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरतं आणि ऑइल गरम टर्बोवर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातले जळके वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) टपकतं. हे काम छोटं आहे, पण टाळायचं नाही, कारण टर्बोचं एक्झॉस्टकडचं टोक आग लागण्याइतकं तापतं.

पायरी ३: रंग

रंग दिवसा, मागे काळपट काहीतरी असताना पाहावा. पिवळ्या दिव्याखाली निळा धूर पांढरा दिसतो.

निळसर-करडा, डोळ्याला झोंबणारा, जळक्या ऑइलच्या वासाचा धूर म्हणजे ऑइल. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. टर्बो डिझेलमध्ये काळा धूर आणि गेलेला पिकअप एकत्र आले, तर इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) फाटलेला किंवा निसटलेला पाइप, गच्च भरलेला एअर फिल्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडे जळके वायू परत इंजिनात सोडणारा), नाहीतर इंजेक्टर. त्याचा ऑइलशी संबंध नाही, तो शोध वेगळा.

पांढऱ्या धुराने नवे लोक फार घाबरतात. पावसाळ्यातल्या दमट सकाळी किंवा डिसेंबरात लोणावळ्याला मुक्काम केल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, पाण्याचे थेंबही पडतात, आणि इंजिन तापलं की ते सगळं थांबतं. ते पाणीच आहे. पण गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि टाकीतलं कूलंट उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) किंवा डिझेलमध्ये ईजीआर कूलर तपासा आणि गाडी चालवणं बंद करा. गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

पायरी ४: धूर नेमका कधी येतो?

रंगाने फक्त ऑइल जळतंय एवढं कळतं. कुठून येतंय हे कळतं वेळेवरून. सगळ्यात जास्त लक्ष मी या पायरीवर द्यायला सांगेन, आणि बहुतेक लोक हिलाच फाटा देतात. आठवडाभर फोनमध्ये नोंद ठेवा. पार्किंगमध्ये स्टुलावर फोन उभा करून सायलेन्सरचा व्हिडिओ घ्या, रस्त्यावर मागच्या गाडीतल्या मित्राला घ्यायला सांगा. एक मात्र कराच: बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बघत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी मोकळ्यावर आणा.

*रात्रभर उभी राहिल्यावर, चालू करताच एक झुळूक.* निळा धूर दहा-वीस सेकंद आला आणि गेला, मग दिवसभर काही नाही, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. रात्री व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून ऑइल थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी जळून जातं. टर्बोतूनही असं होऊ शकतं, पण तेव्हा धूर सहसा जास्त वेळ रेंगाळतो.

*बराच वेळ स्लोवर उभं राहून मग निघताना.* हे आपल्याकडे रोज पाहायला मिळतं. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाड्यापर्यंत गाडी वीस मिनिटं सरपटत आणा आणि रस्ता मोकळा मिळताच ॲक्सिलरेटर दाबा. मागे निळा ढग उठला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. स्लोवर हवेचा दाब नसतो, त्यामुळे टर्बोच्या कड्यांना ऑइल अडवायला बाहेरून आधार कमी मिळतो. ऑइल झिरपून साठतं आणि रेस दिली की उडतं. उभ्या गाडीतही न्यूट्रलवर पाच-दहा मिनिटांनी निळा धूर आपोआप सुरू होत असेल, तर टर्बोकडे किंवा त्याच्या परतीच्या नळीकडे बोट जास्त जातं.

*घाट उतरून खाली आल्यावर.* ही परीक्षा पेट्रोल गाडीसाठी. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला ठेवा. थ्रॉटल (हवेची झडप) बंद, इंजिन फिरतंय, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार ओढ तयार होते आणि सैल व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. सपाटीला लागून पाय दिला की एकदम ढग. डिझेलमध्ये अशी ओढ सहसा तयार होत नाही, म्हणून डिझेलवाल्यांनी या परीक्षेवरून काही ठरवू नये.

*चढावर, वजन घेऊन, सतत.* मुंब्रा बायपासचा चढ किंवा खोपोलीहून वर जाणारा घाट. पूर्ण जोर लावल्यावर निळा धूर येतच राहिला, तर रिंगा, किंवा टर्बोच्या हवेच्या बाजूने जाणारं ऑइल, किंवा चेंबरमधल्या दाबामुळे ब्रीदरमधून ढकललं जाणारं ऑइल. माझी गाडी अशी होती: स्लोवर गप्प, जोर लावला की धूर. हे एक वाक्य मी पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलंच नव्हतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

*धूर अजिबात नाही, पण ऑइल उतरतंय.* गळती नसेल तर हेही जळणंच आहे. थोडं थोडं जळलेलं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला, धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) किंवा डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेतला फिल्टर गिळून टाकतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

पायरी ५: ऑइलचं झाकण

इंजिन स्लोवर ठेवा, हातमोजे घाला, ओढणी, सैल बाही आणि केस पट्ट्यांपासून दूर ठेवा. ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा, तोंड वर वाकवू नका.

पेट्रोल गाडीत हलकी ओढ जाणवणं बरोबर आहे. झाकण निघेचना इतकी ओढ असेल, आतून शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण उघडताच इंजिनची चाल बदलत असेल, तर ब्रीदर व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटल्याची ही ठळक खूण. बऱ्याच गाड्यांत हा पडदा व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो.

उलट, झाकणातून फुसफुस वाफ येत असेल, झाकण उलटं ठेवल्यावर नाचत असेल किंवा उडून पडत असेल, तर चेंबरमध्ये दाब आहे. मेकॅनिक याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात. इथे घाई करू नका. "बॅक मारतेय, इंजिन काम निघालं" हे वाक्य लगेच कानावर पडेल. पण दाब दोन कारणांनी होतो: रिंगांमधून वायू खाली येतात म्हणून, किंवा ब्रीदरची नळी कार्बनने आणि चिकट गाळाने बंद झाली म्हणून. नळी काढून साफ करा, मग पुन्हा पाहा. डिझेलमध्ये थोडी वाफ चांगल्या इंजिनातही दिसते, तेव्हा शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा.

पायरी ६: पाइप काढून बोट फिरवा

इंजिन थंड असताना आधी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाइप काढा, मग टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधला. दोन्हींत पांढऱ्या फडक्याने बोट फिरवा.

टर्बोच्या आधीचा पाइप ओला असेल तर ऑइल टर्बोतून आलेलं नाही. ब्रीदरची नळी याच पाइपाला येऊन मिळते, चोर तिकडे आहे. आधीचा पाइप कोरडा आणि नंतरचा ओला असेल, तर टर्बोची हवेची बाजू ऑइल सोडते आहे. दोन्ही पाइप कोरडे आणि तरी निळा धूर असेल, तर टर्बोची गरम बाजू, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. गरम बाजूचं ऑइल थेट सायलेन्सरमध्ये जातं, ते इंटरकूलरमध्ये दिसत नाही. त्यासाठी टर्बोच्या मागचा एक्झॉस्ट पाइप सोडून बघावा लागतो. तिथे ओला काळा चिखल असेल तर उत्तर मिळालं.

प्रमाण मात्र लक्षात घ्या. पाइपाच्या भिंतीला तेलकट पातळ थर प्रत्येक टर्बो गाडीत असतो, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. तो थर दाखवून "बघा, टर्बो लीक" म्हणणारे भेटतात. थर आणि साठलेलं ऑइल यात फरक आहे. पाइप तिरका केल्यावर धार लागली किंवा इंटरकूलरच्या तळातून अर्धा कप निघालं, तर तो दोष.

पायरी ७: दांडा आणि परतीची नळी

पाइप निघालाच आहे तर टर्बोचं चाक बोटाने फिरवून पाहा. ते मोकळं फिरलं पाहिजे, पाती सरळ आणि कडा अखंड हव्यात. दांडा वर-खाली, आडवा किंचित हलतो. ऑइलवर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये तेवढी ढील ठेवलेलीच असते, त्याला घाबरू नका. पण हलवताना पाती घराला घासत असतील, किंवा दांडा पुढे-मागे ओढल्यावर हलल्याचं स्पष्ट जाणवत असेल, तर बेअरिंग संपलं आहे. नेमकं माप डायल गेजने घ्यायचं असतं, ते टर्बो रिपेअर करणाऱ्यांकडे असतं.

टर्बो खराब निघालाच, तर तो का खराब झाला याचं उत्तर मिळेपर्यंत नवा बसवू देऊ नका. वर येणारी बारीक नळी आणि तिच्या बोल्टमधली छोटी जाळी कार्बनने बंद आहे का? खालची जाड नळी आतून निम्मी भरली आहे का, दुमडली आहे का? कुणी आधीच्या कामात गॅस्केटऐवजी सिलिकॉनची पेस्ट थापली आणि ती आत फुगून भोक बुजलं, असंही होतं. एअर फिल्टर नीट न बसल्यामुळे धूळ आत गेली का? घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ ज्यांनी वर्षानुवर्षं खाल्ली त्यांना हे वेगळं सांगायला नको. ही कारणं तशीच राहिली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

पायरी ८: आता इंजिन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच रिंगांकडे वळा. पेट्रोल गाडीत आधी प्लग काढून क्रमाने मांडून ठेवा. एकच प्लग काळा, तेलकट आणि बाकीचे कोरडे तपकिरी असतील, तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये. सगळेच सारखे तेलकट असतील, तर ऑइल बहुधा वाटेतल्या हवेबरोबर येतं आहे, म्हणजे पुन्हा ब्रीदर किंवा टर्बो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. अपेक्षित आकडा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, पण सिलिंडरा-सिलिंडरातला फरक जास्त बोलका असतो; दहा टक्क्यांच्या आसपास चालतो, त्याहून जास्त असेल तर पुढे शोधा. कमी आलेल्या पेट्रोल सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात: आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. डिझेलमध्ये हा प्रयोग घरी करू नका, जागा कमी आणि दाब फार असतो.

ज्या गॅरेजमध्ये लीक-डाउन टेस्टचं गेज आहे तिथे जायला मी थोडं लांबही जाईन. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते ते कानाने ऐकतात. ऑइलच्या झाकणातून फुस्स आलं तर रिंगा, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या पाइपातून आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. अंदाज उरतच नाही.

कॉम्प्रेशन उत्तम असूनही इंजिन ऑइल पिऊ शकतं. वरच्या दोन रिंगा दाब धरतात, तिसरी ऑइल खरवडून खाली आणते. ती तिसरी कार्बनने चिकटली की आकडे छान आणि पट्टी खाली. इथे बोअरस्कोप, म्हणजे प्लगच्या भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा, कामाला येतो. आणि फक्त व्हॉल्व्ह सील गेली असतील तर हेड उतरवायलाच हवं असं नाही. सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवत सील बदलता येतात. "इंजिन खोलावं लागेल" असं कुणी म्हणालं तर ही पद्धत त्यांच्याकडे होते का ते विचारा.

बीएस-६ डिझेल असेल तर

१ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर, देशभर विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, आला. त्यामुळे थोडं ऑइल जळत असलं तरी मागे काहीच दिसत नाही. पण ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये बसते. काजळी तापवून जाळता येते, राख जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल हवं, आणि डीपीएफचा दिवा वारंवार लागायला लागला तर डिपस्टिकही तपासा.

या गाड्यांत उलटीही गोष्ट घडते: ऑइलची पातळी वाढते. वर्तकनगरहून स्टेशन आणि परत, एवढाच रोजचा प्रवास असेल तर फिल्टर स्वतःला साफ करायला सुरुवात करतो आणि मध्येच इंजिन बंद होतं. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर गाडी चालवू नका, ऑइल बदलून घ्या. मग अधूनमधून पूर्व द्रुतगती मार्ग किंवा नाशिक हायवेला, पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने, पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा.

एक धोका, डिझेलवाल्यांसाठी

डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. टर्बोतून किंवा ब्रीदरमधून भरपूर ऑइल आत गेलं तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं. रेस आपोआप चढत जाते, मागे धुराचा डोंगर उठतो आणि किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर पहिल्या काही सेकंदांत पायाचा ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये हा मार्ग नाही. सगळ्यांना उतरवा, दूर जा, १०१ ला फोन करा. हवेच्या पाइपावर हात किंवा फडकं कधीही धरू नका, ते आत खेचलं जातं. हे प्रसंग क्वचित येतात, पण ज्या डिझेलच्या पाइपात ऑइल साठलेलं सापडलं आहे ती गाडी पुण्याला लग्नाला न्यायची नाही, एवढं कराच.

जुनी गाडी घेताना

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की गाडी रात्रभर बंद असलेली हवी. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर नम्रपणे दुसऱ्या दिवशी परत या, कारण व्हॉल्व्ह सीलचा धूर गरम इंजिनात लपतो. त्यानंतर ऑइलचं झाकण, डिपस्टिक आणि किमान एक चढ. पीयूसी असणं पुरेसं नाही. ते त्या दिवशीचं, गरम इंजिनाचं माप असतं.

दुरुस्तीनंतर

इंटरकूलर आणि पाइप धुऊन घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आत साठलेलं जुनं ऑइल पुढचे कित्येक दिवस जळत राहतं आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. सायलेन्सरमध्ये मुरलेलं ऑइलही थोडे दिवस धूर देतं, तेवढा वेळ त्याला द्या. नवा टर्बो असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी त्याच्या नळीत ताजं ऑइल भरलं का, हे मेकॅनिकला समोर उभं राहून विचारा. पहिले काही सेकंद कोरडा फिरला तर तिथेच त्याची झीज सुरू होते.

ऑइल बदलायचं ते फक्त किलोमीटर बघून नको. घोडबंदरला तासाभरात आठ किलोमीटर जाणाऱ्या इंजिनाचे तास मोजले तर ते पुस्तिकेतल्या आकड्याच्या कितीतरी पुढे असतात. मी आता निम्म्या अंतरालाच बदलते. घाट चढून किंवा हायवेवर जोरात आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही, मिनिटभर स्लोवर ठेवते, म्हणजे तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होत नाही.

आणि पहिली पायरी पुन्हा करा. पट्टी वरच्या खुणेला, किलोमीटरचा आकडा वहीत, १००० किमीनंतर मोजमाप. ब्रीदर बदलल्यावर मी हे सलग तीनदा केलं. पहिल्यांदा दोनशे मिलिलिटर लागलं, बहुधा पाइपातलं जुनं जळेपर्यंतचं. दुसऱ्यांदा पन्नासच्या आत. तिसऱ्यांदा डबा उघडावाच लागला नाही, आणि त्या सकाळी वॉचमनकाका स्वतःहून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, वाकून पाहिलं आणि हाताने "काही नाही" अशी खूण केली.